डिंभ्याच्या थांब्यावर नाना वारले

आमचे नाना, म्हणजे माझे सख्खे चुलते, डिंभ्याच्या एसटी थांब्यावर वारले तेव्हा ते स्वतः लेण्याद्रीच्या पायथ्याला आपल्या ओट्यावर बसून ठेचा-भाकरी खात होते आणि सुनेला शिव्या देत होते. दोन्ही कामं त्यांना एकाच तोंडाने जमायची. नानांच्या शिव्यांनी कांद्याची रोपं करपलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. एकदा उसातून निघालेल्या बिबट्यावर ते असे काही ओरडले की तो बिबट्या थेट वनखात्याच्या पिंजऱ्यात जाऊन बसला आणि आतून दार ओढून घेतलं. ह्यात खोटं असेल तर एवढंच, की दार त्याने नीट लावलं नव्हतं.

मी तेव्हा तापाच्या संशोधनाची जीप चालवायचो. संशोधन मोठं होतं. तीन देशांच्या सरकारांनी मिळून पैसा घातलेला, म्हणजे तिकडच्या मास्तरांच्या, बसवाल्यांच्या, झाडूवाल्यांच्या कराचा पैसा. आणि शोधायचं काय, तर गवतातला एक किडा. डोळ्याला दिसत नाही, चावला की कळत नाही. जिथे चावतो तिथे विडीचा चटका दिल्यासारखा काळा डाग उठतो, आणि बहुतेक वेळा हा हलकट तो डाग अशाच जागी उठवतो जी माणूस चारचौघांत दाखवत नाही. मग ताप. वेळेवर दवाखाना गाठला तर साध्या गोळ्यांनी उतरतो. घरी गोधडीत पडून राहिलं, तर माणूस खाटेवरून खाली घ्यावा लागतो.

नानांना हा किडा बांधावरचं गवत कापताना चावला. मीच त्यांना जीपमध्ये घालून नेलं. डॉक्टरांनी लेंग्याची नाडी सैल करायला सांगितली तेव्हा नानांनी त्यांच्या सगळ्या पिढ्या उद्धरल्या. पण डाग सापडला, गोळ्या सुरू झाल्या आणि नाना लवकरच उठून पुन्हा घरच्यांना लागू झाले.

हे ऐकून संशोधनाच्या म्याडम हरखल्या. बाई परदेशातल्या, मराठी शिकत होत्या. रक्त तपासणारे वेगळे; ह्यांचं काम लोकांना विज्ञान समजावून सांगायचं. "पैसा लोकांचा आहे, लोकांना कळलं पाहिजे," असं त्या घोकायच्या. मी नानांना हे सांगितलं, तर नाना म्हणाले, "तिकडचं लोक माझ्या तापाला पैसं देत्यात? आन् हितं माझा सख्खा पोरगा गोळीबरुबर पाणी देईना!"

वेळेवर आलेला माणूस वाचतो हे दाखवायला म्याडमनी नानांचा फोटो काढला. फ्लेक्स लावायचं ठरलं. त्याची मांडणी तिकडे परदेशात झाली. फोटो काळा-पांढरा, कारण त्यात म्हणे माणूस भारदस्त दिसतो. भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, कारण झेंडू आपल्याकडे शुभ, असं तिकडे कोणीतरी वाचलेलं. आणि खाली सगळं शास्त्र, मुंगीने वाचावं एवढ्या अक्षरांत.

जुन्नरच्या बाजारातल्या फ्लेक्सवाल्याने ते स्क्रीनवर उघडलं, डोक्यावरची टोपी काढली आणि मला हळूच विचारलं, "भाऊ, दोन्ही अंगांना समया टाकू का?"

म्याडमनी विचारलं, काय म्हणतात ते? मी म्हणालो, दिवे लावू का विचारतोय.

"ज्ञानाचा प्रकाश!" म्याडमनी टाळी वाजवली. "लावा, लावा!"

संशोधनाचे पुण्याचे साहेब असते तर त्यांनी अडवलं असतं, पण साहेब रजेवर होते. आणि गाडीवाल्याला कोणी मत विचारत नाही, डिझेल किती आहे तेवढंच विचारतात. डिझेल भरपूर होतं.

फ्लेक्स डिंभ्याच्या थांब्यावर लागला. आणि डिंभ्यालाच नानांची लेक दिलेली! सकाळच्या एसटीतून माणसं उतरली, वर बघितलं, हात जोडले. खालचं शास्त्र कोण वाचतो? मेलेल्या माणसाच्या फ्लेक्सवर वाचायचं काय असतं, तोंड ओळखलं की झालं. दुपारपर्यंत डिंभे धरणाच्या दोन्ही काठांना बातमी पोचली: ताप आला, सरकारी जीपने दवाखान्यात नेला, तिथंच संपवला.

माझी चुलत बहीण एसटीत बसून रडत आली. अशी रडली की कंडक्टर तिकीट मागायला धजला नाही, आणि ड्रायव्हरने दोन थांबे चुकवले. आधी फोन का नाही केला, असं मला विचारू नका. मेलेल्याच्या घरी फोन करून कोणी खात्री करतं का? अंगणात शिरून तिने हंबरडा फोडला, तर समोर ओट्यावर बाप.

"कोण गेलं गं?" नानांनी घास न थांबवता विचारलं.

"तुमी!"

मग रडणं ओसरल्यावर तिने खरी गोष्ट सांगितली. नाना गेल्याचं कळताच तिची सासू म्हणाली, "सुटली धरणी एकदाची." मग डोक्यावरून आंघोळ केली आणि धरणातले मासे आणून तळले. सुतकात! सुनेच्या डोळ्यांसमोर!

नानांचा घास थांबला. ह्या दोघांचं वैर लग्नाच्या मांडवातलं. विहिणीने भात कच्चा आहे म्हणून भर पंगतीत पत्रावळ उलटी केली होती, आणि नाना तिथल्या तिथे म्हणाले होते, "इहीणबाई, तुमच्या तेराव्याला येतो, तवा नीट शिजवून घालतो." तेव्हापासून दोघंही एकमेकांच्या मरणावर नजर ठेवून जगत होती. त्यामुळे दोघांच्याही तब्येती उत्तम होत्या.

"तिला सांगायचं न्हाई मी हाये म्हणून," नाना म्हणाले. "मी मेलेलाच बरा. बघू तरी, कोण कोण मासं खातंय." लेकीला त्यांनी ठेवून घेतलं. तीही माशांवरून इतकी पेटलेली की राहिली. जावई चाकणला कंपनीत. त्याला फोनवर दम भरला, तो गप्प बसला.

गवत पिवळं पडायच्या सुमारास मी कर्णा बांधलेली जीप घेऊन डिंभ्याला गेलो, तर शेजारीण म्हणाली, "भाऊ, तुमच्या बहिणीची सासू लई तापलीया." आत गेलो. म्हातारी गोधडीत कुडकुडत होती, आणि कानामागे तो काळा डाग असा ठसठशीत की मला शिकवायला म्याडमची गरज पडली नाही.

"मावशी, चला. गाडी बाहेर उभी आहे."

"ह्याच गाडीत घालून इवायाला मारला. म्या न्हाई येत."

"नाना जिवंत आहेत हो!"

"आन् हे सांगतंय कोण?" म्हातारीने डोळे न उघडता विचारलं. "मागल्या साली धरणातल्या मगरीनं एसटी गिळली म्हणून सांगत व्हतास तू."

"आख्खी नाही मावशी. नुसता मागचा दरवाजा."

गोधडीतून एक पाय आला आणि माझ्या नडगीवर बसला. त्या तापातही नेम चांगला होता.

मी तसाच गाडी फिरवून नानांकडे गेलो. नाना खूश झाले. "तापली का? बरं झालं. आता मासं तव्यावर कशाला, अंगावरच तळील." बहीण बिचारी राग गिळून सासरी गेली, सासूच्या उशाशी बसून आईची शपथ घेऊन म्हणाली की दादा (बापाला ती दादाच म्हणते) धडधाकट आहेत. सासू म्हणाली, "बापाचं सुतक पाळायला नको म्हणून खोटं बोलतीस." बहीण परत आली. ताप वाढत होता. म्हातारी कोणाला अंगाला हात लावू देत नव्हती, आणि इकडे नाना ओट्यावर बसून रोज विचारत होते, "गेली का?" जसं काही एसटीचीच चौकशी.

शेवटी बहिणीनेच बापाची नस धरली. रडली नाही, हात जोडले नाहीत. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मरंल ती, दादा. आन् मरताना म्हणंल, इवाई माझ्याआधी गेला."

नानांनी भाकरी खाली ठेवली, टोपी घातली आणि माझ्याआधी जीपमध्ये जाऊन बसले.

डिंभ्यात नाना गाडीतून उतरले तेव्हा एक बाई हंडा टाकून पळाली. सगळी आळी दारात गोळा झाली. नाना उंबऱ्यात उभे राहिले. म्हातारीने एक डोळा उघडला.

"आलास? वरनंबी हाकलला व्हय?"

"उठ. दवाखान्यात चल. मी मेलो न्हाई, गोळ्यांनी बरा झालोय."

"भूत बी हेच सांगंल. डाग उठला व्हता म्हंत्यात तुला. दाखव."

नानांचा डाग नाडीखाली. सत्तरी ओलांडलेला माणूस, समोर विहीण, मागे बाया-माणसं, कडेवरची पोरं. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघितलं.

"दाखव की," म्हातारी म्हणाली. "न्हाईतर जा परत, आला तिकडं."

नानांनी भिंतीकडे तोंड केलं, नाडी सोडली आणि लेंगा एका अंगाने खाली केला. वाळून पांढरट झालेला वण सगळ्यांना दिसला. मग मागून एक बाई म्हणाली, "आजून खाली बी हाय का वो?" आणि आळी जी हसली, ती थेट पलीकडच्या काठाला ऐकू गेली. नानांच्या तोंडातून एक शिवी निघाली नाही. मी त्यांना जन्मात पहिल्यांदा असं पाहिलं. मान खाली, आणि हातांना नाडीची गाठ बसेना. म्हातारी इतकी हसली की तिला धाप लागली. ती हसतानाच आम्ही तिला गोधडीसकट उचलून गाडीत टाकलं.

वाचली. पण डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला, ताप डोक्यात चढला होता. म्हातारीचे दोन्ही कान गेले.

म्याडमना हे कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. लोकांनी लोकांना समजावलं, ह्याहून मोठं काय! त्यांनी नानांना विचारलं, असं प्रत्येक गावात करून दाखवाल का? नानांनी जे उत्तर दिलं त्याचा अर्थ त्यांनी मला विचारला. मी म्हणालो, विचार करून कळवतो म्हणतात.

आता नाना दर बाजाराला डिंभ्याला जातात. जाऊन विहिणीसमोर बसतात आणि तिला एकच गोष्ट सांगतात: मी आलो म्हणून तू वाचलीस, मी अब्रू सोडली म्हणून तू हायेस. शेजारी ऐकतात, रस्त्यावरचे ऐकतात, समोरच्या डोंगरावर गुरं चारणारे ऐकतात. तिला ऐकू जात नाही. वाचता तर तिला कधीच येत नव्हतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, "मला त्या थापाड्या गाडीवाल्यानं वाचवलं. ह्यो मुडदा नुसता लेंगा सोडायला आला व्हता."

मग नाना उठून, गळ्याच्या शिरा ताणून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतात. म्हातारी त्यांच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत राहते, आणि मोठ्या समाधानाने म्हणते, "बोल, इवाया, बोल. आता कसा गोड बोलतोस."