पॅकिंगच्या बारा जणींची नावं कुठे गेली?

आणि वर कॉम्प्युटरवाले मलाच सांगतात, "मावशी, ती नुसती वॉर्निंग आहे, एंटर दाबा!" दाबलं मी. आज कोलशेतच्या आमच्या कंपनीत पर्मनंट करायच्या बायकांची यादी छापली, तर निम्मीच नावं. पॅकिंगच्या बारा जणी गायब, त्यात मीपण.

स्टोअरच्या नाईकबाईंनी वॉर्निंग वाचून दाखवली. प्रोग्राममध्ये फाइलला आणि पाइपला, म्हणजे नावं प्रिंटरकडे नेणाऱ्या वाटेला, एकच नाव दिलंय. म्हणून काही नावं पाइपातून प्रिंटरला गेली, आमची कुठल्यातरी फाइलीत पडली.

साहेब म्हणतात, "मशीन चुकत नाही, तुम्हीच टाकली नसतील."

अहो, यादी टाइप करायला मलाच बसवलं होतं, एकेक नाव मी स्वतः टाकलंय! पण मी चौथी शिकलेली, प्रोग्राममध्ये हात कसा घालू? बाकीच्या अकरा जणी माझ्या तोंडाकडे बघतायत.

ह्या ऑनलाइन बोर्डावर एवढे शिकलेले वाचता ना? यादी शुक्रवारी वर जाते. ती फाइल कशी शोधायची, गुरुवारपर्यंत सांगा.