बायकांची बॅच

रबरी मॅटचा वास आला की घनसावंगीची ती जिम आठवते. बायकांच्या बॅचला मालक शटर पूर्ण ओढून बाहेरून कुलूप लावायचा, कुणी बघू नये म्हणून. ऐन एप्रिलात लाईट गेली, पंखे थांबले, आणि उठाबशा काढता काढता माझी वहिनी मटकन बसली. "ताई, दम कोंडून राह्यला." मी शटर बडवलं. बाहेरून मालक म्हणाला, "थांबा जरा, समोर पोरं उभे हायेत." "मंग मुडदा दाखवता का त्यांना?" मी ओरडले. तेव्हा शटर वीतभर वर गेलं. वहिनीनं आधी ओढणी सावरली, मग त्या फटीला तोंड लावून हवा ओढली. आज मी व्यायामाची पत्रकं गावोगाव वाटते. त्यात पाणी, विश्रांती सगळं असतं, पण सगळ्यात वर मी लिहिते: किल्ली आत ठेवा.