मोतीरामचं रक्त

अकोल्याच्या एका दवाखान्यात देवमन रक्त तपासायच्या खोलीत चपराशी होता. बोटाला सुई टोचायची, काचेवर थेंब घ्यायचा, कोणाचं कोणाला जुळतं ते पाहायचं, हे सगळं तो डॉक्टरांच्या हाताखाली शिकला. एकदा एका पाटलानं विचारलं, "हे रक्त कोन्या जातीचं हाये?" डॉक्टर कडाडले, "रक्ताला जात नसते. चालत नसेल तर पेशंट घेऊन जा." छप्पन साली दीक्षा घेतलेल्या देवमनला त्या दिवसापासून डॉक्टरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

रक्त देणारे मोजकेच. त्यांतला एक मोतीराम शिंपी. निरोप गेला की मशीन थांबवून सायकलीवर यायचा. चाळिशी आली तरी लग्न नाही, त्यामुळे गावात कुजबुज होती. त्याच्या घरी कोण येतं ते मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. येणारा देवमनच होता, नऊ वर्षांपासून.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात पातूरची इंदूबाई बाळंतपणात रक्तानं न्हाली. नवऱ्याचं, भावाचं, देवमनचं, कोणाचंच रक्त जुळेना. मोतीरामचं जुळत होतं. तो आला, बाही सारून बाकावर बसला. तेवढ्यात कारकुनानं डॉक्टरांच्या कानात काही सांगितलं.

"याचं नको," डॉक्टर देवमनला म्हणाले. "असल्या माणसांना रोग असतात. यादीतून नाव काढ."

"साहेब, मागच्याच महिन्यात तपासलं. चांगलं हाये रक्त त्याचं."

"तो कुठं जातो, कोणासोबत असतो, तुला काय माहीत?"

देवमनला सगळं माहीत होतं. नोकरी डोळ्यांपुढं आली, घरची म्हातारी आई आली. त्यानं मान खाली घातली आणि नावावर रेघ ओढली.

अमरावतीहून रक्ताची बाटली मोटारीनं निघाली. ती मूर्तिजापूरला पोचली असेल नसेल, इंदूबाई गेली.

मोतीराम अजून बाकावरच होता. "माह्या रक्तात काई नाई, तुले तं माईत होतं," तो हळूच म्हणाला. "मंग बोलला काहून नाई?"

"बोललो असतो तं मलेबी..."

"बाई मेली, देवमन."

महिन्याभरात मोतीरामनं दुकान आवरलं आणि तो धारणीला गेला. देवमन डॉक्टरांशी कामापुरतंच बोलू लागला. डॉक्टरांच्या ते ध्यानातही आलं नाही.

दोन वर्षांनी देवमन धारणीला गेला. मोतीरामनं चहा पाजला, पावसात रस्ता कसा वाहून गेला ते सांगत राहिला. मोटारीपर्यंत पोचवायला आला तेव्हा म्हणाला, "आता येऊ नोको."

देवमन पुन्हा गेला नाही.