कॅसेट पलटण्याची जागा

दादाकडे एका सायकेडेलिक रॉक बँडच्या लाइव्ह कॉन्सर्टची कॅसेट होती. लांबलचक गिटार ऐन रंगात यायची आणि ए साइड संपायची. पलटली की थेट टाळ्याच. मधे काय वाजलं असेल, यावरून आम्ही भाऊ भांडायचो. मी म्हणायचो, ड्रम्स कडाडले असणार. दादा म्हणायचा, "छे रे, सगळे गप्प झाले असतील. एकटी गिटार राहिली असेल."

दादा गेला त्याला तीन वर्षं झाली. परवा मोबाइलवर तीच कॉन्सर्ट अख्खी सापडली. त्या जागेपाशी माझा हात आपसूक कॅसेट पलटायला उठला. गिटार मात्र थांबली नाही. एकेक वाद्य गप्प होत गेलं, शेवटी ती एकटी उरली. मग टाळ्या आल्या, हजारो माणसांच्या. एवढ्या गर्दीत "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणणारा तेवढा नव्हता.