पूर्ण वाक्याचा आग्रह

जयवंत सर गेल्याचा निरोप हळर्णहून डिचोलीला आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि मी नववीच्या वह्या तपासत होतो. निरोप आणणारा माणूस दारातच उभा राहून सांगून गेला. मी हातातली वही पूर्ण तपासली, खाली सही केली, आणि मगच उठलो. असं का केलं ते मला आजही कळत नाही. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की चपला वेगवेगळ्या जोडांतल्या घातल्या आहेत.

आज या गोष्टीला सात आठवडे झाले.

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी मी डिचोलीच्या एका हायस्कुलात नोकरीला लागलो. सर तिथे इंग्रजी शिकवत. घर हळर्णला असल्यामुळे सोमवार ते शनिवार ते डिचोलीत एका खोलीत राहत, आणि त्या खोलीतली दुसरी खाट मला मिळाली. ते माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे होते. तेव्हा स्टाफरूममध्ये भाषेवरून रोज जुंपायची. कोण मराठीवाला, कोण कोंकणीवाला, याची उघड मोजदाद चाले. एकदा एकाने सरांना टोमणा मारला, "तुमचं बरं आहे जयवंतराव. घरी कोंकणी, वहीत मराठी, आणि पगार इंग्रजीचा!" सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं. "झोपेत कुठल्या भाषेत घोरतो ते याला विचारा. तो जे सांगेल ती माझी मातृभाषा." भांडण तेवढ्यावर थांबलं, निदान त्या दिवसापुरतं.

आमच्या मुलांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडायची. पाळी गावाकडची पुष्कळ मुलं खाणीवरच्या ट्रक ड्रायव्हरांची, मजुरांची. गणवेशाच्या कॉलरवर तांबडी धूळ बसलेली, आणि इंग्रजीचा तास आला की मान खाली. सरांचं म्हणणं असं, की शंभर शब्द पाठ करून भीती जात नाही, एकच शब्द सगळीकडून ओळखीचा झाला तर जाते. त्यांनी निवडलेला शब्द होता 'टेक'. हा शब्द ते महिना महिना पुरवायचे. "टेक म्हणजे घेणे, एवढं लिहून वही मिटू नका," ते सांगायचे. "तिकडची माणसं जिथे घेतात तिथे आपण काय करतो ते बघा. ते फोटो घेतात, आपण काढतो. ते मार घेतात, आपण खातो. त्यांचा ट्रक पाळीला जायला अर्धा तास घेतो, आपल्याला अर्धा तास लागतो. मुलगा बापासारखा निघाला तर तेही टेक, आपण म्हणतो बापाच्या वळणावर गेला. आणि परीक्षा? ती ते घेतात, आपण देतो. म्हणून परीक्षेला जाताना आपला चेहरा देणेकऱ्यासारखा होतो." मुलं हसायची. मग सर जरा थांबून म्हणायचे, "निरोप मात्र त्यांनाही घ्यावा लागतो, आपल्यालाही… तिथे दोघांचं जमलं."

या शब्दाचा एकेक उपयोग ते एका जाड वहीत उतरवून ठेवत. प्रत्येकाखाली एक वाक्य, आणि ते वाक्य इथल्याच माणसांचं हवं, अशी त्यांची अट. मराठी शाळांतल्या मुलांसाठी त्याचं छोटंसं पुस्तक करायचं त्यांच्या मनात होतं.

त्यांचा नियम एकच होता आणि त्यात सूट नव्हती. उत्तर पूर्ण वाक्यात. सुटा शब्द चालायचा नाही. एखादं पोर घसा सुकून उभं राहायचं, "सर, वॉटर." सर भुवया वर करून विचारायचे, "वॉटर काय? येतंय की जातंय?" पोर लाजून, अडखळत, कसंबसं वाक्य जुळवायचं आणि पाण्याकडे धावायचं. मीही तो नियम उचलला. मी तर मराठीच्या तासालाही लावला. वर्ग हसायचा आणि शिकायचा… निदान मला तसं वाटायचं.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी सरांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पणजीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "त्यांना बोलायला लावा, सोडू नका." मी दर रविवारी हळर्णला जाऊ लागलो. पहिल्या रविवारी ती जाड वही उशाशी ठेवून मी टेकपासून सुरुवात केली. किती मूर्खपणा तो! ज्यांच्या तोंडातून स्वतःचं नाव निघत नव्हतं त्यांच्याकडून मी इंग्रजी म्हणवून घेत होतो. त्यांचे डोळे भरून आले तेव्हा मी वही मिटली आणि मराठीवर आलो. हळूहळू सुटे शब्द यायला लागले. भात. वारा. दार. सरांच्या पत्नीला, वहिनींना, एवढा आनंद झाला की त्यांनी शेजारी गूळ वाटला. मला मात्र घाई झाली होती. शब्द येतात म्हणजे वाक्यही येईल, फक्त आग्रह धरायला हवा, असं मी ठरवून टाकलं.

मे महिन्यातली दुपार होती. सर म्हणाले, "पाणी." स्पष्ट म्हणाले. मी तांब्यातून पेला भरला आणि हातातच धरून ठेवला.

"पूर्ण वाक्य, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. "पा…" एवढंच आलं. मी हसलो, त्यांच्यासारखाच. भुवया वर केल्या आणि विचारलं, "पाणी काय? येतंय की जातंय?"

मला वाटलं होतं, ते हसतील.

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्या बांद्याकडच्या, बोलणं मालवणी. "आदी पानी दिया हो तेंका! वाक्य खय पळान जाता काय?" मी पेला ओठांशी नेला. सरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. पाणी त्यांच्या मानेवरून उशीत गेलं.

त्यानंतरचे चार महिने माझ्यासमोर त्यांनी एकही शब्द काढला नाही. मी जायचो, शेजारी बसायचो, शाळेतलं काहीबाही सांगायचो. ते माझ्याकडे शांत बघत. मी डॉक्टरांना विचारलं. "दुसरा बारीक झटका येऊन गेला असेल, होतं असं," ते म्हणाले. खरं सांगतो, ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. दोष आजाराचा होता.

गेल्या रविवारी वहिनींना भेटायला गेलो. बोलता बोलता मी म्हणालो, "शेवटी शेवटी सरांचं बोलणं पूर्णच गेलं ना…"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "खय गेला? बोलायचे ते."

"कधी?"

"तुमी गेलास काय, बस वळली काय सुरू. कवाड लाव. भाजी खारट. एकदा माझ्या माहेरच्या गावाचा नाव घेतल्यानी, माका रडू इला." मग सुपाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "तुमका भियायचे, भावजी."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगतलंय म्हटलंय, तर तेंनी तोंडार बोट धरल्यानी. तुमच्या खुर्चेकडे बघल्यानी, आनी मान हलयल्यानी. नको म्हणान."

सरांच्या खोलीत आढ्याला बांधलेली दोरी अजून आहे. डाव्या हाताने ती धरून ते उठून बसत. धरायची जागा काळी पडली आहे. मी बसच्या वेळेपर्यंत तिच्याखाली, त्यांच्या खाटेवर बसून राहिलो. समोर माझी रिकामी खुर्ची होती. इथून ती इतकी जवळ दिसते, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या प्रत्येक रविवारी ते इथून त्या खुर्चीकडे बघत गप्प राहिले… मला भिऊन की मला जपून, हे आता विचारता येणार नाही. दोन्ही खरं असेल, तर त्यातलं पहिलं माझ्या वाट्याचं आहे.