मैनाबाईचा धुतलेला मुळा

बालाघाटच्या गुजरीत पंचवीस-तीस बाया भाजी घेऊन बसत, पण मुळा घ्यायचा तर लोक पानठेल्याशेजारी मैनाबाईपर्यंत चालत जात. तिचा मुळा पांढराशुभ्र, पाला टवटवीत आणि मुळाशी मातीचा कण नाही. गिऱ्हाईक उभ्या उभ्या एक मुळा मोडायचं, कचकन दात लावायचं आणि मग जुडी पिशवीत टाकायचं. वेगळं काही सांगायची मैनाबाईला कधी गरज पडली नाही.

धुवायची ही रीत तिच्या सासूची. "मातीची भाजी कोनी हाती धरत नाही, पोरी. तिले न्हाऊ घाल, मंग बाजारात ने. नवरी कोनी पारोशी धाडते का?" सासू म्हणायची. ती गेली, रीत राहिली. तीस वर्षं रोज सकाळी मैनाबाई भाजीच्या वाडीला लागून वाहणाऱ्या नाल्यात गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि मुळा, मेथी, कोथिंबीर, एकेक जुडी बुचकळून काढायची. पौषाच्या गारठ्यातही त्यात खाडा नव्हता. मग चुंबळीवर टोपलं आणि कोसभर चाल. बोटांची पेरं सुजून राहायची, टाचांना भेगा. दमलीस का, असं कोणी विचारलं असतं तर तिला नवलच वाटलं असतं. दमणं हे तिच्या अंगावर लुगड्यासारखं होतं. नेसलेलं आहे, हे ध्यानातही येत नसे.

अडुसष्टच्या हिवाळ्यात तिचा नवरा तेजराम तापाने पडला. हिवताप समजून आठ दिवस गोळ्या झाल्या, पण ताप हलेना. वाडीचं पाणी, बाजार आणि आजारपण, तिन्ही एकट्या मैनाबाईच्या डोक्यावर आली. शेवटी बैलांच्या खाचरात घालून तिने त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली नर्स शेवंताबाई गोंदियाकडची. माणूस पाहून बोलणारी, पण भिडेला न पडणारी.

"मुदतीचा ताप हाय, टायफाइड," ती म्हणाली. "कच्चं काय खाते हा?"

"मुळा खाते, भाकरीसंग. घरचाच."

"धुवून?"

"हौ तं! माया हातानं धुतलेला." मैनाबाईला जरा रागच आला.

"कोन्त्या पान्यानं?"

"नाल्याच्या."

शेवंताबाईचा हात थांबला. "तो नाला येते कुठून?"

'जंगलातून' हा शब्द मैनाबाईच्या ओठांवर आला. सासूने हेच सांगितलं असतं, आणि तेव्हा ते खरंही होतं. पण चार वर्षांखाली वरच्या अंगाला नवी वस्ती उठली होती. सकाळी दोन्ही काठांना लोटे घेऊन बसलेली माणसं, त्यातच धुतली जाणारी पोरांची दुपटी. ती हे सारं रोज पाही, आणि खाली मान घालून भाजी बुचकळी.

"वाहतं पानी हाय, बाई," ती हळूच म्हणाली.

"वाहते म्हनूनच तं तुयापर्यंत येते." शेवंताबाई तिच्याजवळ येऊन बसली. "पाह्य, वावरातली माती दिसते, म्हनून मानूस धुते. हे घान दिसतच नाही. तुई भाजी साफ दिसते, म्हनून लोकं तशीच तोंडात घालत असतीन. त्यापरीस मातीची बरी! विहिरीच्या पान्यानं धू. अन् घेनाऱ्याले सांग, घरी अजून दोन-तीन पान्यानं धुजा म्हना. ताप असन त्या घरी कच्चं नाहीच. शिजवून खा."

पंधरवड्याने तेजराम घरी आला तो काडी होऊन. मैनाबाईने नाला सोडला. पण विहीर खोल, दोर ओढायला माणूस नाही. जमेल तेवढ्या जुड्या ती धुवायची, बाकीची भाजी मातीसकट टोपल्यात जायची.

"काहून वं मैना," शेजारी बसणाऱ्या गोदाबाईने पहिल्याच दिवशी टोमणा मारला, "बुढा पडला तं भाजीची आंघोळ बी बंद केली का?"

सगळी रांग हसली. मैनाबाई हसली नाही. हसायला अंगात ताकद लागते. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "घरी दोन-तीन पान्यानं धुजा, बाई." लोक म्हणायचे, "मग तुझ्याच मुळ्यात काय मोठं?" आणि पुढे जायचे. संध्याकाळी टोपलं जड असायचं. सकाळी डोक्यावर नेलेलं ओझं तसंच परत आणायचं, यासारखा शीण नाही.

आठवड्याने दुर्गाबाई आल्या. मास्तरांच्या बायको, माहेर नागपूरचं, बारा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. डोळे खोल गेलेले, केसही नीट विंचरलेले नाहीत.

"हे काय गं मैनाबाई? माती?" त्यांनी जुडी उचलून ठेवून दिली. "धुतलेला दे बाई एखादा. धाकटीला अठरा दिवस झाले, ताप निघत नाही. तोंडाला चव नाही म्हणते, मुळाच मागते."

मैनाबाईचा हात टोपल्यावरच राहिला.

"डॉक्टर विचारतात, कच्चं काय खाल्लं. शाळेपुढची बोरं, दुसरं काय! तापातच दोन धपाटे घातले मी तिला. घरात कच्चं म्हणजे एक तुझा मुळा. तो तर धुतलेला, त्याला मी घरी पाणीसुद्धा लावत नाही."

गप्प बसणं सोपं होतं. 'आज धुतलेला संपला' एवढं म्हटलं की झालं. दोष बोरांवरच राहणार होता, मैनाबाईचं नाव राहणार होतं. पण ती पोर उद्या दुसऱ्या कोणाचा तरी चकचकीत मुळा खाणार होती.

"मास्तरीनबाई, बसा थोडं," ती म्हणाली. "पोरीले मारू नोका. बोरायचं मले ठाव नाही. पन मुळा मी नाल्यात धूत होती." आणि मग तिने वस्तीचं, तेजरामचं, नर्सबाईचं, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

ऐकता ऐकता दुर्गाबाई खाली बसल्या होत्या. "बारा वर्षं मी तुझ्या हातचं..."

"आधी पानी चांगलं होतं, बाई. चार वर्षांपासून नाही."

"आणि तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. पन मी भाजीच पाह्यत होती."

दुर्गाबाई उठल्या. रिकामी पिशवी घेऊन, मागे न बघता गेल्या.

"येडी झाली का वं?" गोदाबाई दातओठ खात म्हणाली. "त्याच नाल्यात आमी साऱ्या धुतो. आमचा बी धंदा बुडवतं का?"

"मंग तू बी ऐकलं नं? बरं झालं," मैनाबाई म्हणाली आणि चुंबळ सारखी करू लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती विहिरीवर धुतलेल्या जुड्याच बाजारात नेऊ लागली, पण त्या दहाच्या वर नाहीत. दहांनंतर खांदा उचलत नसे. बाजेवरून तेजराम म्हणायचा, "मी ओढतो एखादी बादली." ती म्हणायची, "बस तू. पडला तं तुले बी मलेच ओढा लागन." दहा जुड्या घेऊन ती गुजरीत जाई आणि येणाऱ्याला तेच सांगे. सांगून सांगून तिला स्वतःच्याच शब्दांचा कंटाळा आला होता.

बारा-तेरा दिवसांनी दुर्गाबाई परत दिसल्या. मैनाबाईने विचारायचं धाडस केलं नाही.

"उतरला ताप," त्या आपणहून म्हणाल्या. "परवापासून मऊ भात खाते. धपाट्यांचं अजून बोलून दाखवते."

मैनाबाईने डोळे मिटले, उघडले.

"मेथी दे. शिजवायची आहे."

"मुळा?"

"नको. अजून नको."

मैनाबाईने मेथी दिली. "घरी दोन-तीन पान्यानं..."

"माहीत आहे," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यात राग होता, पण पाय मैनाबाईच्याच टोपल्याशी थांबले होते हेही खरं. त्या गेल्यावर गोदाबाई खाली बघत पुटपुटली, "मैने, तुया विहिरीवर उद्या येऊ का वं मी? दोर दोघी मिळून ओढू."

"ये," मैनाबाई म्हणाली. "लवकर ये पन. माया खांदा दहाच्या पुढं चालत नाही."