बसल्यापासून उठेपर्यंत

शेळी वर्षातून एकदोनदा विते. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत दर आठवड्याला एक नवी गोष्ट जन्मते.

पिंगळीतली ही खोली संदीपनं भाड्यानं घेतली. तो हलणारी चित्रं करतो. हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र त्याचं. मधली सगळी शबाना आणि माझी सून मंगल काढतात. काचेखाली दिवा, वर कागद. शबाना जुनी. मंगलला त्यानं आधीच बजावलं, "वैनी, दोन कामं देतो. एक तरी पास झालं तर कायम. न्हाई तर न्हाई."

•

शबाना सकाळपासून मान खाली घालून बसलेली. दुपारी विचारलं, "काय झालं आज?"

"चाचा, बकरीनं मान वळवली."

अर्ध्या दिवसात एवढंच. माझ्या शेळ्या फुकट वळवतात.

तिनं कागदांची चळत धरून फरफर सोडली. शेळीनं माझ्याकडं बघितलं. मान आधी वळली, कान मागून आले.

माझा हात पाल्याकडं गेला.

•

मंगलचं पहिलं काम: खाली सोडलेला हात डोक्यावर न्यायचा. तिनं दोन्ही चित्रांच्या बरोब्बर मधोमध काढला. पडद्यावर हात मधेच आखूड झाला, परत वाढला.

"वैनी, हात खांद्यातून फिरतो. सरळ वर सरकत न्हाई," संदीप म्हणाला. "आता एकच काम राहिलं."

त्या दिवशी ती जेवली नाही.

•

चेहरे काढायच्या आधी दोघी आरशात बघून तोंडं वेडीवाकडी करतात. एक पाहुणा दारातच थबकला.

"ह्यांना कुठं दाखवलं का न्हाई?"

"ड्यूटीवर हायत," मी म्हणालो.

•

मंगलचं दुसरं काम: म्हातारा जमिनीवरून उठतो. संदीपनं बसलेला दिला, उभा दिला.

त्या आठवड्यात सून फार बोलायली. "मामा, तेवढं दार लावता?" "मामा, शेळी सुटली वाटतं." मी उठायचो. शेळी बांधलेलीच.

माझा गुडघा दुखतो हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

चित्रं पडद्यावर लागली. आम्ही खाली सतरंजीवर बसलो. म्हाताऱ्यानं गुडघ्यावर हात दाबला. अर्ध्यात थांबला. कुणी बघतंय का बघितलं. मग पाठ ताठ करून उभा राहिला, काही झालंच नाही असा.

संदीपनं दोनदा लावलं. "वैनी, हे थांबणं मी दिलं नव्हतं."

मंगलनं पदर सावरला. "मधलंच हाय की ते."

"पास. उद्यापासून कायम."

दिवा लागला. सगळे उठले.

"मामा, चला जेवायला," मंगल म्हणाली.

"तुमी व्हा पुढं," मी म्हणालो.